बरोबर आलेल्यानं मारायचं

२०२० साल होतं आणि मी बहात्तर वर्षांचा होतो. शाळांना कुलूप होतं. मुलगा फौजेत, तिकडं वर बर्फात. सून गावातली आशाताई. सकाळी नऊला ती स्कूटीवर बसायची, पिशवीत ते बोटाला लावायचं यंत्र, आणि कुणाचा श्वास कसा चाललाय ते बघत दुपारी तीनपर्यंत दारोदार फिरायची. घरात चांगला मोबाईल एकच, तो तिच्या कामाला लागायचा. शाळेतले गुरुजी अभ्यास त्याच मोबाईलवर पाठवायचे. म्हणजे अभ्यास आईच्या पिशवीत बसून गावभर हिंडायचा आणि पोरं घरात मोकळी.

पोरं दोन. नात नऊ वर्षांची, चौथीतली, घडाघडा वाचणारी. नातू सात वर्षांचा, पहिलीतून दुसरीत नुसता ढकललेला. पुस्तकात कमळाचं चित्र असलं की हा खालचं 'कमळ' वाचायचा. चित्रावर मी अंगठा ठेवला की मुका.

"मामा, तुमी बसवा की दोघांना," सून म्हणाली. ती मला मामा म्हणते. "वाचायला, लिहायला लावा. पण एक सांगते, हात न्हाई लावायचा."

"मी काय राक्षस हाय व्हय?"

"तुमच्या लेकानं सांगितलंय मला समदं. पोरांना मारल्यालं कळलं ना, तर दुसऱ्या दिवशी दोघांना लोणंदला माझ्या आईकडं सोडीन. मग बसा हितं एकटं भिताडाकडं बघत."

मी 'बरं' म्हणालो. सुनेशी तोंडाला तोंड देणं मला शोभत नव्हतं. पण मनात म्हटलं, हिला काय कळतंय. एप्रिलात द्राक्षाचा वेल पार बोडका करावा लागतो, कात्री लावताना कीव करून चालत नाही. तासगावच्या अलीकडं-पलीकडं कुणालाही विचारा.

मी शिकलो तिसरी, तीही पुरी नाही. तरी बेदाण्याच्या शेडवर चाळीस वर्षं मुकादमी केली, कुठल्या रॅकला कोणत्या दिवशी गंधकाची धुरी दिली ते स्वतःच्या हातानं पाटीवर लिहिलं. मला वाचून दाखवायला कधी कुणी लागलं नाही. ते कसं आलं ते सांगतो.

आमच्या शाळेत खोली एक, मास्तर एक, वर्ग चार. एवढ्यांना मारून मास्तरांचा हात दुखत असणार. म्हणून मारायचं काम त्यांनी आमच्यावरच टाकलं होतं. सगळ्यांना ओळीनं उभं करायचं. पहिल्याला शब्द वाचायला लावायचा, त्याला नाही आला की दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. ज्याला बरोबर येईल त्यानं चुकलेल्यांच्या पुढ्यात जायचं, डाव्या हातानं एकेकाचं नाक धरायचं आणि उजव्या हातानं थोबाडीत द्यायची. नाक अशासाठी, की तोंड फिरवता येऊ नये. कुणी हळू मारली तर मास्तर उठून त्या मारणाऱ्यालाच एक द्यायचे आणि म्हणायचे, "अशी मारत्यात."

मला बरोबर यायचं. जवळजवळ रोजच यायचं. ओळीत गावातल्या मोठ्या घरचा एक पोरगा होता. त्याच्या घरची माणसं माझ्या बापाला चावडीसमोर चपला काढून चालायला लावायची. एके दिवशी तो चुकला आणि मला आलं. मी त्याचं नाक धरलं आणि अशी दिली की त्याचा घुळणा फुटला. सदरा लाल झाला. मास्तर म्हणाले, "शाबास."

शाळा सुटली तेव्हा त्याचा चुलता आसूड घेऊन वडाखाली उभा होता. मी नऊ वर्षांचा. पाचव्या-सहाव्या फटक्यानंतर मोजायचं सोडलं. पाठीची सालं निघाली. मास्तर शाळेच्या दारात उभे राहून तंबाखू मळत बघत होते. घरी गेलो तर बापानं कारण विचारलं, मी सांगितलं, आणि त्याच रक्ताळलेल्या पाठीवर बापानं दोरखंड ओढला. "त्यांच्या पोरावर हात टाकतोस? आमाला गावात ऱ्हायचं हाय का न्हाई?" दुसऱ्या दिवसापासून मी गुरांमागं.

पण मी बरोबर वाचलं होतं. हे मी तेव्हाही म्हणत होतो, आजही म्हणतो. गरिबाच्या पोरानं मोठ्या घरच्या पोराच्या थोबाडीत द्यायची, असा कायदा मला सबंध आयुष्यात त्या एका खोलीतच भेटला, आणि तो हक्क वाचल्यानं मिळत होता. ती चव मी कधी विसरलो नाही.

माझ्या मुलाला मी असंच शिकवलं असतं, पण तो एकटा होता, शेजारी उभं करायला भाऊ-बहीण नव्हतं. म्हणून मला स्वतःलाच मारावं लागलं. वेताच्या काठीनं त्याच्या डाव्या हाताची करंगळी मोडली, ती वाकडीच बसली. त्या करंगळीपायी भरतीच्या मेडिकलला एकदा परत पाठवला त्याला. दुसऱ्यांदा घेतला. अठराव्या वर्षी तो जो गेला तो रजेपुरता घरी येतो, माझ्या पाया पडतो, आणि माझ्या पुढ्यात हात नेहमी मागं बांधून उभा राहतो.

तर सुनेला शब्द दिला होता. पहिले पंधरा दिवस मी नुसतं ओरडून बघितलं. नातू बोटानं ओळ दाबून धरायचा, जशी काय ती पळून जाणार होती, आणि एक अक्षर बोलायचा नाही. सोळाव्या दिवशी मी दोघांना घराच्या पुढच्या सोप्यात उभं केलं.

"हा शबूद वाच."

नातू गप्प.

"तू वाच."

"पाखरं," नात म्हणाली.

"शाबास. आता ह्याचं नाक धर आन् दे एक."

"नगं आबा. ल्हान हाय त्यो."

"बरोबर कुणाचं आलं?"

"माझं."

"मग हक्क तुझा हाय. न्हाई मारलीस तर तुझ्या वाचण्याला काय किंमत?"

तिनं हात लावला न लावल्यासारखा केला.

"ही मारलीस का माशी हाकलली?"

तिसऱ्या खेपेला आवाज आला. नातू रडला, शेंबूड पुसला, आणि खरं सांगतो, संध्याकाळपर्यंत 'पाखरं' त्याला पाठ होतं. मी खूश. मी हात लावत नव्हतो. पोरंच एकमेकांना मारत होती. दिलेला शब्द मोडला नव्हता. माझ्या अकलेचं मला लय कौतुक वाटलं.

महिनाभरानं एकदा नात चुकली आणि नातवाला आलं. कसं आलं देवाला ठाऊक. पोरगं माझ्याकडं बघत राहिलं, डोळे हे एवढाले. "मारू?" म्हणाला. "मार की." त्यानं नाक-बीक काही धरलं नाही. दोन्ही हातांनी पाटी उचलली आणि तिच्या तोंडावर हाणली. पाटीच्या कडेनं भुवई फाटली. नात खाली बसली, बोटांतून रक्त सोप्याच्या भुईवर ठिबकायला लागलं, आणि तो पाटी तशीच वर धरून उभा, आणखी एक द्यायला. मी पाटी काढून घेतली. जखमेत हळद भरली. पण त्या दिवशी त्यानं एका दमात चौदा शब्द वाचले, हे मी विसरलो नाही.

दुपारी आईनं विचारलं तेव्हा नात म्हणाली, "पायरीवरनं पडले." तिला कुणी शिकवलं नव्हतं. मी तर नाहीच.

दिवाळीच्या तोंडावर माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. थोबाडीत बसल्याचा आवाज मोठा होत होता, नातू बोंबलत होता, पण गालावर लाली दिसत नव्हती. लाली होती ती मांडीवर, चड्डीच्या खाली, पाची बोटांची. मी परड्यात शेळ्यांना पाला टाकायला गेलो तेव्हा कुडाच्या पलीकडं दोघं बसली होती.

"आज लय जोरात आवाज काढला का न्हाई मी?"

"आवाज बेस झाला. पण तू आधी बोंबललास आन् मग मांडी बडवलीस. आबा काय खुळं हायत व्हय?"

"आबास्नी कमी दिसतंय."

"दिसतंय रं त्यांना. तू माझ्या हाताकडं बघ. हात हलला की बडव."

मी पाला तिथंच टाकला. हसू यायला पाहिजे होतं, ते आज येतं. त्या वेळी पायापासून डोक्यापर्यंत आग झाली. दोन वितीच्या पोरांनी मला महिनाभर नाचवलं होतं.

दुसऱ्या दिवशी आई गेल्या गेल्या दोघांना उभं केलं. नातवाला सांगितलं, "दोन्ही हात वर कर." त्याला समजलं. त्यानं बहिणीकडं बघितलं. शब्द साधाच होता, धडा तिला तोंडपाठ होता. नातवाला आला नाही. मी नातीपुढं पुस्तक धरलं.

"वाच."

"येत न्हाई."

"काय म्हणालीस?"

"मलाबी येत न्हाई आबा."

शंभर वेळा वाचलेला शब्द. ती माझ्या डोळ्यांत बघत उभी होती, भुवईवर ती खूण. खोटं बोलत होती आणि खोटं बोलतेय हे मला कळावं म्हणूनच बोलत होती. दोघांनाही आलं नाही, म्हणजे मारायचं कुणी? कायदाच संपला. खांद्याला खांदा लावून दोघं उभी होती आणि तो धाकटा, दोन्ही हात वर, खुदकन हसला.

"मग बरोबर कुणाला आलं?" मी म्हणालो. "मला आलं."

मी त्याचं नाक धरलं.

चाळीस वर्षं रॅकच्या जाळ्या हलवून बेदाणा पाडलेला हात तो. गालावर बसला नाही, कानावर बसला. "अशी मारत्यात," मी म्हणालो, आणि माझ्याच कानाला ते शब्द दुसऱ्याचे वाटले. पोरगं उडून सोप्याच्या खांबावर गेलं, डोकं आपटलं, खाली पडलं. रडलं नाही. त्याचंच मला भय वाटलं. मी वाकलो तोच पोरगी माझ्यावर आली. मनगटाला चावली ती दात पार आत जाईपर्यंत, लाथा घातल्या, माझं डोकं बडवलं. मी तिला झटकली तर ती पितळी हंड्यावर जाऊन पडली, उठली, परत आली.

"सोडा त्येला! सोडा, म्हातारं!"

मी सोडलेलंच होतं. नातू उठून बसला. डाव्या कानातून रक्ताची बारीक धार गळ्यापर्यंत आलेली.

"ताई," तो म्हणाला, "गुंऽऽ वाजतंय. बंद कर की."

तीनला सून आली. स्कूटी लावायच्या आधी तिनं पोराची मान बघितली.

"कुणी मारलं?"

नातवानं माझ्याकडं बघितलं आणि खाली मान घातली. मी खुर्चीत बसलो होतो, मनगट टॉवेलखाली.

"मी," नात म्हणाली. "खेळताना. रागात."

सुनेनं पायातली चप्पल काढली. सहा महिन्यांचा थकवा, रोज कुणी ना कुणी गेल्याचं ऐकणं, तो सगळा त्या चपलेत होता. पोरगी भिंतीला टेकून उभी राहिली, हात आडवे केले नाहीत, तोंड फिरवलं नाही. पाठ, दंड, डोकं, जिथं बसेल तिथं. मी खुर्चीत होतो. "अगं बास," एवढंसुद्धा मी म्हणालो नाही. पोरगी मला भिऊन तसं बोलली का मला वाचवत होती, का लोणंदला जायचं नव्हतं म्हणून, ते मी तिला आजपर्यंत विचारलेलं नाही.

शेजाऱ्याच्या पिकअपमधनं सांगलीला विश्रामबागेत नेलं, कानाच्या डॉक्टरकडं. डोक्यापासून पायापर्यंत प्लास्टिक घातलेला माणूस. "पडदा फाटलाय," म्हणाला. "पाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नाही. भरेल, नाहीतर ऑपरेशन. कशानं झालं?"

"मी मारलं," नात म्हणाली.

त्यानं तिचा हात बघितला. मग पोराचा गाल बघितला. मग मास्कच्या वरनं माझ्याकडं बघितलं, आणि चिठ्ठी लिहायला लागला.

पडदा भरला, पण पुरा नाही. तो पोरगा आता मोठा झालाय, मोबाईल अजून उजव्याच कानाला लावतो.

संध्याकाळी मुलाचा व्हिडिओ कॉल आला. सुनेनं सगळं सांगितलं. मुलगा म्हणाला, "तिला दे."

नात मोबाईल धरून उभी राहिली. मी चार हातांवर होतो.

"भावाचा कान फोडलास? बहिरा झाला तर भरती कोण करंल त्येला? मी रजेवर येतोय. आल्या आल्या हातच मोडतो का न्हाई बघ तुझा."

तो आवाज माझा होता. शब्द माझे, 'मोडतो' म्हणतानाचा दम माझा. एवढ्या लांब बर्फात बसून माझा मुलगा माझ्या तोंडानं बोलत होता, आणि त्याला त्याची वाकडी करंगळी दिसत नव्हती.

"व्हय पप्पा," पोरगी म्हणाली.

मोबाईल बंद झाल्यावर सून म्हणाली, "मामा, ही काय हितं नगं. उद्या माझा भाऊ कांद्याची गाडी घेऊन तासगावला येतोय. जाताना हिला लोणंदला घेऊन जाईल. आज ह्यो कान, उद्या दुसरा फोडंल."

"शाळा उघडली म्हंजे?"

"तिकडं जाईल, न्हाईतर न्हाई. भाऊजय बाळंत झालीय, तिला हाताखाली पोरगी लागतीयाच."

म्हणजे भांडी, म्हणजे लंगोट. चौथीत घडाघडा वाचणारी पोरगी. मला सगळं समजत होतं. तोंड उघडलं असतं तर दोन्ही पोरं गेली असती. गप्प राहिलो तर एक राहत होतं. मी असा हिशोब केला, हे लिहायची लाज वाटते, पण केला. आणि खरं तर तोही हिशोब नव्हता. सुनेसमोर, त्या चपलेसमोर, 'मी' म्हणायचं मला जमत नव्हतं. पोरगी जेवली नाही. पिशवीत कपडे भरले, वर चौथीची पुस्तकं ठेवली, मग पुस्तकं काढून भावाच्या उशाशी ठेवली. तिनं माझ्याकडं एकदाही बघितलं नाही.

सकाळी नळाला पाणी आलं होतं. दारासमोरच सार्वजनिक नळ, आठ-दहा बाया, घागरी, तोंडाला पदर. सुनेनं स्कूटी काढली. पोरगी मागं बसली, मांडीवर पिशवी. मी उठलो, अनवाणीच बाहेर गेलो आणि स्कूटीच्या पुढं उभा राहिलो.

"बाजूला व्हा मामा, उशीर होतोय."

"तिनं न्हाई मारलं," मी म्हणालो.

"काय?"

"मी मारलं. कानावर मी मारली. ती मधी पडली, मला चावली. आन् भुवईबी... त्योबी माझाच कारभार. मी लावलं एकमेकांना मारायला."

सून गाडीवरच बसलेली, एक पाय जमिनीवर. माझ्या मनगटाकडं बघत होती. मग म्हणाली, "मोठ्यानं बोला, मामा. काल हिला मारलं त्ये समद्या नळानं ऐकलंय. तेंच्याबी कानावर जाऊ द्या."

एका बाईनं नळ बंद केला. माझ्या सबंध आयुष्यात गावानं मला खाली मान घातलेलं बघितलं नव्हतं, पाठ सोललेली असतानासुद्धा नाही. मी नळाकडं तोंड केलं.

"नातवाचा कान मी फोडला," मी ओरडलो. "पोरीनं न्हाई. म्यां."

"आवं, वय काय, करताय काय," नळावरची एक म्हातारी म्हणाली, आणि थुंकली.

पोरगी स्कूटीवरून उतरली. पिशवी तिथंच रस्त्यावर टाकून पळत आत भावाकडं गेली. सुनेनं गाडी स्टँडला लावली, खिशातून मोबाईल काढला, मुलाचा नंबर लावला आणि माझ्या छातीला टेकवला. "आता तेंना सांगा. रजेवर येऊन ते कुणाचा हात मोडणारेत ते तेंना कळू द्या."

तिकडं रिंग वाजत होती. मी मोबाईल कानाला लावला. "बोल गं," मुलगा म्हणाला, आणि मी त्याला तिसऱ्यांदा सगळं सांगितलं.